वाळवंटांतील पाणी : एक कोडें

गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्यांनींही पुढील कोड्याशीं थोडी झटापट करून पाहावी.

एका प्रवाशास वाळवंट ओलांडावयाचें आहे. वाट सहा दिवसांची; मध्यें विहीर नाहीं कीं झरा नाहीं. एका माणसास पाठीवर फार तर चार दिवसांचें पाणी नेतां येतें. सोबती घेण्यास मुभा आहे. परंतु सर्वांनीं एकदमच निघावें, पाणी वाटेंत पुरून ठेवूं नये, एकमेकांस द्यावयाचें तें सायंकाळींच द्यावें, आणि कोणीही तहानेनें मरतां कामा नये. तर कमींत कमी सोबती किती?

पुष्कळ मुलें चटकन् म्हणतात, "एक! दोघांचें मिळून आठ दिवसांचें पाणी होतें." बरें, पाहूं. पहिल्या सायंकाळीं दोघांजवळ तीन-तीन दिवसांचें पाणी उरतें. सोबती स्वतःपुरतें एका दिवसाचें ठेवून दोन दिवसांचें देऊं शकेल. पण प्रवाशाच्या पाठीवर एकाच दिवसाची जागा रिकामी! त्याचें चार दिवसांचें होतें आणि वाट उरते पांच दिवसांची. सोबत आणखी एक दिवस लांबविली, तर दोघांजवळ दोन-दोन दिवसांचें उरतें. प्रवाशास चार दिवसांचें हवें, म्हणजे सोबत्याचें सगळेंच. प्रवासी पार होईल, सोबती वाळूंत राहील. घाईच्या उत्तरांत हा बिचारा कोणास दिसत नाहीं!

दोन सोबती घ्या. पहिल्या सायंकाळीं एक सोबती परतीपुरतें एका दिवसाचें ठेवून उरलेल्या दोघांस एकेका दिवसाचें देतो. त्यांच्या पाठी पुन्हां भरल्या. दुसऱ्या सायंकाळीं दुसरा सोबती परतीचें दोन दिवसांचें ठेवून एका दिवसाचें देतो. प्रवाशाजवळ चार दिवसांचें पाणी, वाटही चारच दिवसांची. एकंदर खर्च सहा, चार व दोन मिळून बारा. निघतांना होतें तितकेंच. एक घोटही शिल्लक नाहीं.

इतका नेमका हिशेब कागदावर शोभतो. कॅप्टन स्कॉट यांची दक्षिण ध्रुवाची मोहीम याच धर्तीची होती. मात्र तेथें वाटेंत सांठे केले होते. मदतीच्या तुकड्या टप्प्याटप्प्यानें परत फिरल्या, शेवटची ४ जानेवारी १९१२ रोजीं. शिधा चौघांच्या हिशेबानें बांधलेला असतां स्कॉट यांनीं पुढें पांच माणसें नेलीं. १७ जानेवारीस ते ध्रुवावर पोंचले. परततांना पांचही जण मरण पावले. शेवटच्या तिघांचा तंबू अन्नाच्या मोठ्या सांठ्यापासून अवघ्या अकरा मैलांवर होता, आणि तो सांठा आदल्या वर्षीं ठरल्या जागेपेक्षां तीसांहून अधिक मैल अलीकडे करावा लागला होता. थंडी, आजार, इंधनाची तूट, अशीं इतर कारणेंही होतीं. सारा दोष पांचव्या माणसावर ठेवणें मला न्याय्य वाटत नाहीं.

असो. आतां नियम तेच ठेवून वाट सात दिवसांची धरा, आणि सोबती किती लागतील तें सांगा. तिसऱ्या सायंकाळीं कोणाजवळ किती पाणी असेल आणि घरीं परतण्यास किती लागेल, तें आधीं पाहावें. उत्तर आंकड्यांतच येईल अशी खात्री मात्र बाळगूं नये.