घेताना की सोडताना?

आमची मुलगी १५ दिवसांची असताना तिच्या गळ्यातून चिरका आवाज येऊ लागला. आमच्या वरवट बकाल गावात ज्यानं त्यानं एकच सांगितलं : छाती भरली.

१. प्रत्येक घरघर कफाची नसते. आम्ही दोन महिने कफाचं औषध पाजलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "लेकराले डबा झाला, चटका द्या." डबा म्हणजे छाती भरणं, चटका म्हणजे अंगावर तापता डाग. तेवढं मात्र माझ्या आईनं होऊ दिलं नाही.

२. आवाज श्वास घेताना येतो की सोडताना, ते बघा. अकोल्याच्या नाक-कान-घसा डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं आणि मी गप्प. त्यात पोरगी गाढ झोपलेली, आवाजच बंद! बायकोनं दूध पाजताना काढलेला व्हिडिओ कामी आला. मग भूल न देता नाकातून बारीक दुर्बीण घातली. ती रडत होती, आणि दर वेळी श्वास घेताना स्वरयंत्रावरचा मऊ भाग आत ओढला जाताना दिसला. नाव लॅरिंगोमलेशिया. मला ते विहिरीवरच्या मोटारीवरून उमगलं. पाणी ओढायच्या बाजूला मऊ पाइप लावला की तो चपटा होतो, म्हणून तिथं कडकच लागतो.

३. आवाज श्वास सोडताना येत असेल आणि खोकला भुंकल्यासारखा असेल, तर खालची श्वासनलिका मऊ असू शकते. अशा लेकरांना दमा समजून पंप दिले जातात, गुण येत नाही. तिथं दुर्बिणीची तपासणी मूल स्वतः श्वास घेत असतानाच करावी लागते. यंत्रानं हवा भरली की नळी फुगलेली राहते, दोष दडतो.

४. आवाजापेक्षा वजन बघा. आम्ही तिला उभं धरून, थांबत थांबत पाजायचो, मग अर्धा तास खांद्यावर. अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढत राहिलं, म्हणून ऑपरेशन टळलं. ते शंभरात दहा-पंधरा मुलांनाच लागतं. तोंडातून करतात, गळ्यावर चीर नसते.

५. पालथं टाकलं की आवाज कमी होतो. तरी झोपवायचं उताणंच.

६. पाचव्या महिन्यात आवाज वाढला. तो आधी वाढतो, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, तरी माझा धीर सुटलाच. १७व्या महिन्यात थांबला. पण ओठ निळे पडले, श्वास अडला किंवा बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर १०८ला फोन लावा.

तुमचंही लेकरू घरघरत असेल, तर आजच दूध पाजताना एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. लेकराची छाती उघडी ठेवून.