घरी हेड उतरवायचं, तर खर्च नेमका कशाचा?

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी गाड्या अजून दारात उभ्या आहेत. एकदा का गाडी तापली, की गॅरेजवाला म्हणतो, "हेड उतरवावं लागेल." इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, बॉनेट उघडलं की हात सहज पोचतो. साहजिकच मनात येतं, हे आपणच का करू नये? जरूर करा, पण मजुरी वाचते म्हणून करत असाल तर आधी कागद-पेन्सिल घ्या. खालचे आकडे ढोबळ आहेत. गावागणिक फरक पडतो, म्हणून दोन दुकानांत फोन करून विचारा.

लहान गॅरेजात या कामाची मजुरी साधारण अडीच ते साडेचार हजार. घरी केल्यावर वाचते ती एवढीच. सामान तर कुठेही लागतंच: हेड गॅस्केटसह पूर्ण किट ८०० ते १,५००, टायमिंग बेल्ट ५०० ते ९००, ऑइल आणि फिल्टर हजार-चौदाशे, कूलंट ५०० ते ८००. रिबोरिंगवाल्याकडे हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह-सीटचं ग्राइंडिंग आणि प्रेशर टेस्ट मिळून आणखी १,४०० ते २,५००. म्हणजे स्वतः केलंत तरी चार ते सात हजार जाणारच. त्यात टॉर्क रेंच आणि बरा गोटी-पान्यांचा सेट नसेल, तर ती खरेदी तीन-साडेपाच हजारांची. पहिल्या खेपेला बचत जवळजवळ शून्य! पाने मित्राकडून मिळणार असतील तरच हिशेब जमतो.

हेड खोलण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट मात्र नक्की करून घ्या. तीनचारशे रुपयांत होते. एखाद्या सिलिंडरचं प्रेशर कमी आलं, तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. प्रेशर चांगलं वाढलं तर दोष बहुधा पिस्टनच्या रिंगांचा. मग हेड कितीही चकचकीत करा, धूर तसाच राहील. नाहीच वाढलं, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत एकदमच कमी असेल, तर त्या दोघांमधलं गॅस्केट गेल्याचा संशय पक्का. थंडीत ऑइलच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसला म्हणून घाबरू नका, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही येतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर मात्र खोलावंच लागेल.

इंजिन पूर्ण गार हवं, शक्यतो रात्रभर उभं राहिलेलं. गरम असताना बोल्ट सोडले तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकू शकतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कूलंट बादलीत घ्या. ते चवीला गोड आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री चाटतात, म्हणून बादली उघडी ठेवू नका. टायमिंगच्या खुणा जुळवून मोबाइलवर फोटो काढा आणि मगच बेल्ट काढा. हेडचे बोल्ट बाहेरून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडेथोडे सैल करा; बसवताना उलट, मध्यापासून बाहेर. किती टॉर्कने आवळायचे, ते तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. 'हाताच्या अंदाजा'वर विसंबणाऱ्या मिस्त्रीचंही इथे ऐकू नका. हेड चिकटून बसलं तर स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका. तिथे पडलेला एक ओरखडा फेसिंगचा खर्च हमखास वाढवतो.

हेडमधले व्हॉल्व्ह सुटे करायचा मोह मात्र टाळलेला बरा. स्प्रिंग दाबायचं क्लॅम्प ५०० ते १,००० रुपयांचं, इवलेसे लॉक उडून कुठे जातील सांगता येत नाही आणि सीट कापायला हेड शेवटी रिबोरिंगवाल्याकडेच जाणार. तो व्हॉल्व्ह काढतोच, बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसेही घेत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात व्हॉल्व्ह सहा. आल्टोच्या एमपीएफआय इंजिनात बारा, म्हणून तिथे ग्राइंडिंगचं बिल जास्त. हौसच असेल तर खोलताना प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर द्या. जो जिथला, तो तिथेच परत.

घरी करण्यासारखी तपासणी एकच. सरळ स्टीलपट्टी हेडवर आडवी-तिरकी ठेवून खालून फीलर गेजचं ०.०५ मिमीचं पान सरकवून बघा. सरकलं तर फेसिंग हवंच. नाही सरकलं तरी गाडी तापलेली असेल तर प्रेशर टेस्टचे पैसे वाचवू नका. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही आणि तो राहिला तर किटचे पैसे दुसऱ्यांदा जातात.

जोडणी झाली की पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवा. दुसऱ्या दिवशी गार असताना रेडिएटरची पातळी बघा, कमी झाली असेल तर भरा. आधीचं ऑइल दुधाळ होतं, तर नवं ऑइलही दोन-तीनशे किलोमीटरनंतर बदला. त्याचे हजार रुपये पहिल्याच हिशेबात धरा.