पोरांनी घडवलेले शब्द

कळंब तालुक्यात वीस वर्षं शिकवताना पोरांनी जोडलेले, कोशात न सापडणारे शब्द मी एका वहीत उतरवत आलो. त्यांनी मला जे शिकवलं ते हे.

१. गावच्या मातीतला शब्द टिकतो. आमच्या वर्गात तोंडी परीक्षेला ‘थापटणं’ म्हणतात. ते आलं तेरच्या कुंभार संत गोरोबाकाकांकडून. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी जमलेल्या संतांची डोकी मडक्यासारखी थापटून पाहिली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही कथा इथं लहानपणीच कानावर पडते. एकदा मी पाढे विचारायला उभा राहिलो, तर सहावीतलं एक पोर म्हणालं, ‘‘सर, आज आमाला थापटणार का ओ?’’ त्या दिवसापासून चुकला तो ‘कच्चा’, आणि घरी जाऊन पाठ करून येणं म्हणजे ‘भाजून येणं’. हा शेवटचा मला सगळ्यात प्रिय. ‘उद्या भाजून येतो’ म्हणणाऱ्या पोराचा चेहरा पडलेला नसतो.

२. चांगल्या शब्दाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. पावसाळ्यात बोरी नदीला पाणी आलं की नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे कोसळतात, उन्हाळ्यात तिथं कोरडा दगड. म्हणून परीक्षेच्या महिन्यातच वही मागायला उगवणारा दोस्त ‘नर-मादी’. रात्री गावातच थांबणाऱ्या एसटीवरून, निघायचं नाव न घेणारा पाहुणा ‘मुक्कामी’.

३. पोरांचा शब्द मोठ्यांनी पळवू नये. स्नेहसंमेलनाच्या भाषणात मी ‘मुक्कामी’ वापरला. आठवडाभरात पोरांनी तो टाकून दिला.

४. काही शब्द कायद्यालाही पुरून उरतात. भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ला गेली, फसवणूक आता न्याय संहितेच्या ३१८व्या कलमात आहे. पण गोट्यांत लबाडी करणारा अजून ‘चारसोबीस’च. ‘तीनशे अठरा’ कुणाच्या तोंडी बसेल असं मला वाटत नाही.

५. शब्द ज्याच्यावर आहे त्याच्या तोंडावर म्हणता आला पाहिजे. हे मी उशिरा शिकलो. २०१६च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्या गावात टँकर. त्याच दिवसांत वर्गातल्या एका रडक्या मुलीला पोरांनी ‘टँकर’ म्हणायला सुरुवात केली. मीही हसलो, वहीत लिहूनही घेतलं. मग ती चार दिवस शाळेत आली नाही. घरी गेलो तेव्हा कळलं, पहाटेपासून घागरी घेऊन आईबरोबर ती टँकरच्या रांगेत उभी राहायची, आणि तिथून वर्गात आल्यावर पुन्हा तोच शब्द कानावर यायचा. ते हसणं मला अजून सलतं. त्या पानावर मी तिच्यासमोर काट मारली आणि वर्गात सगळ्यांपुढं तिची माफी मागितली.

ती परत आली, पण बोलायची कमी. एक प्रश्न मी तीनतीनदा विचारायचो. एकदा असंच विचारत असताना ती हळूच हसली आणि म्हणाली, ‘‘सर, वहीत लिवा. मी हापसा हाय. लई हापसल्याबिगर थेंब येत न्हाई.’’