पत्र्याच्या डब्यातील गरम हवेचे इंजिन

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चालते यंत्र हवे, असा हट्ट मुलांनी धरला की काही घरांत झाकणबंद डब्यात पाणी उकळून वाफेचे इंजिन करण्याचा घाट घातला जातो. शेतकरी बंधूंनो, हे मुळीच करू देऊ नका. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. ती न मिळाल्यास डबा फुटतो. त्याऐवजी गरम हवेचे इंजिन करावे. यात वाफ नाही, दाब अगदी थोडा असतो आणि गळती झाली तर इंजिन फक्त थांबते.

हे इंजिन निव्वळ खेळणे म्हणून जन्मले नाही. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ साली त्याचे पेटंट घेतले आणि १८१८ साली असे इंजिन दगडाच्या खाणीतील पाणी उपसण्यास लावले गेले.

डब्याचा तळ गरम व वरचा भाग थंड ठेवतात. आत एक सैल दट्ट्या वरखाली होतो. तो वर गेला की हवा तळाशी येऊन तापते, फुगते व रबरी पडदा बाहेर ढकलते. तो खाली आला की हवा वर जाऊन निवते व पडदा आत ओढला जातो. डिझेल इंजिनप्रमाणे इंधन आत जळत नाही.

कृती

सुमारे ६५ मि.मी. व्यासाचा व १०० मि.मी. उंचीचा लोखंडी पत्र्याचा डबा घ्यावा. भांडी घासण्याच्या लोखंडी तारेचा चोथा सायकलच्या स्पोकवर गुंडाळून ७० मि.मी. लांबीचा दट्ट्या करावा. डब्याच्या भिंतीपासून सभोवार २ मि.मी. फट राहिली पाहिजे. तो कोठेही घासता कामा नये. झाकणात १५ मि.मी. लांब पितळी नळी बसवून तीतून स्पोक बाहेर काढावा. स्पोक आपल्या वजनाने खाली सरकावा, पण डुगडुगू नये. बहुतेक इंजिने येथेच अडतात, म्हणून या नळीवर एक संध्याकाळ खर्ची पडली तरी चालेल.

डब्याच्या वरच्या अंगाला भोक पाडून एक इंची पीव्हीसी एल्बो बसवावा व त्याच्या तोंडावर फुग्याचे रबर सैलसर बांधावे. सर्व सांधे एम-सीलने बंद करावेत. दुसऱ्या स्पोकला वाकवून क्रँक करावा. दट्ट्याचा फेरा २५ मि.मी. व पडद्याचा ८ मि.मी. असावा आणि दोन्ही क्रँकमध्ये काटकोन ठेवावा. टोकाला जुन्या सीडीचे गतिचक्र लावावे.

तळाशी स्पिरिटचा दिवा व वरच्या भागाला ओल्या कापडाची पट्टी लावून दोन-तीन मिनिटांनी चक्राला हलका धक्का द्यावा. एका दिशेने चालले नाही तर उलट फिरवून पाहावे. काटकोनामुळे इंजिन एकाच दिशेने फिरते.

यावर काय चालवावे?

एक लिटर पाणी सेकंदाला एक मीटर उचलण्यास सुमारे १० वॅट शक्ती लागते. या डब्यातून एक वॅटही मिळणे कठीण, तेव्हा विहिरीचे स्वप्न नको. कागदी पात्यांचा उफणणी पंखा मात्र थेट दांड्यावर फिरतो. बाटलीच्या बुचांचे छोटे रहाटगाडगे वाटीतील पाणी उचलू शकते. त्यासाठी इंजिनाकडे लहान व रहाटाकडे पाच-सहा पट मोठी कप्पी लावून दोऱ्याचा पट्टा घालावा. पट्टा ताणून बांधल्यास इंजिन लगेच बंद पडेल.

पडद्याला टाचणीने भोक पाडून मुलांना दाखवावे. ताकद कशी जाते ते समजेल. आपल्या डिझेल पंपाची पिस्टन रिंग झिजली की कॉम्प्रेशन असेच गळते, इंजिन सुरू होण्यास कुरकुरते.

दिव्यात स्पिरिट भरताना तो विझलेला व थंड असावा. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून हाताने चाचपून पाहू नये.