जिंकतोय तोवर खेळावं का?

प्रश्न : गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या संपल्या की आमची निवृत्तांची बैठक बसते. परवा विषय निघाला बॉक्सिंगचा. वय होत आलेल्या, पण अजून अजिंक्य असलेल्या बॉक्सरने शिखरावर असतानाच थांबावं, असं मी म्हणतो. मित्र म्हणतो, तो जिंकतोय तोवर त्याला घरी बसवणारे आपण कोण? मग मेरी कोमनेही २०१८ मध्येच थांबायला हवं होतं का? निवाडा करा.
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : निवाडा आपल्या बाजूने. पण आपण बहुधा ज्या कारणाने तसं म्हणत असाल ते कारण मला पटत नाही, त्यामुळे मित्राला पेढे मागण्याआधी पुढचं वाचा.

आपल्याकडे हा विषय निघाला की विजय मर्चंटांचं नाव येतंच. लोक ‘का थांबलास?’ म्हणतात तेव्हाच थांबावं, ‘का थांबत नाहीस?’ म्हणेपर्यंत वाट पाहू नये, हा सल्ला त्यांच्या नावावर आहे. सल्ला देखणा आहे. मात्र मर्चंटांची स्वतःची गोष्ट थोडी वेगळी. १९५१ च्या नोव्हेंबरात दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा केल्या, वय होतं चाळीस. त्याच कसोटीत क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि तिथेच कारकीर्द संपली. म्हणजे शिखरावर थांबायचं हे मनाने ठरवायच्या आत खांद्याने ठरवून टाकलं होतं.

गावसकरांचंही तसंच. मार्च १९८७ मध्ये बंगळुरूला, चेंडू हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर, पाकिस्तानविरुद्ध ९६ धावा केल्या आणि कसोटीला रामराम ठोकला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्यानंतर ते विश्वचषक खेळले. नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध एकदिवसीय कारकिर्दीतलं एकमेव शतक ठोकलं आणि पाचच दिवसांनी वानखेडेवर उपांत्य सामन्यात चार धावांवर त्रिफळाचीत झाले. भारतासाठीची शेवटची खेळी ती. ती कुणी आठवत नाही, कारण आपल्याला ९६ आठवायच्या असतात. शिखर कुठलं, हे बरेचदा प्रेक्षक मागाहून सोयीने ठरवतात.

क्रिकेटमध्ये किंवा धावण्यात उशिरा थांबलं तर नुकसान होतं ते नावाचं आणि क्रमांकाचं. आपल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचंच घ्या. २०१० हे तिचं वर्ष : दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य, पाठोपाठ ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ती तेव्हाच थांबली असती तर चित्र चौकटीत बसवण्याजोगं झालं असतं. ती थांबली नाही. २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई मॅरेथॉन जिंकली, त्यातून रिओ ऑलिम्पिकला गेली आणि तिथे १२० वी आली. काय बिघडलं? काहीही नाही. हरसूल भागातली मुलगी ऑलिम्पिकची मॅरेथॉन पुरी करून आली, आणि मी तिच्या जागी असतो तर मीही धावलो असतो.

बॉक्सिंगचा हिशेब इथेच वेगळा होतो. त्या खेळात दोन खाती असतात. एक जय-पराजयाचं, जे सगळ्यांना दिसतं. दुसरं खाल्लेल्या ठोशांचं, जे कुणी लिहून ठेवत नाही. कवटीत मेंदू द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोकं गर्रकन फिरतं, मेंदू क्षणभर मागे राहतो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात. त्यासाठी बॉक्सर बेशुद्धच पडायला हवा असं नाही. छोटे-छोटे मार साठत जातात, आणि त्यातले कितीतरी सामन्यात नव्हे, सरावात बसलेले असतात. न्यू जर्सीतले विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी जुन्या बॉक्सरांची अडखळती चाल, जड झालेली जीभ आणि कंप यांवर वैद्यकीय निबंध लिहिला तो १९२८ साली. म्हणजे ही माहिती काही काल-परवाची नाही.

आणि आपल्या मित्राच्या मुद्द्याला खरं उत्तर या दुसऱ्या खात्यात आहे. जिंकणाराही मार खातोच. कधी कधी तर मार खाऊनच जिंकतो. मुहम्मद अलीने १९७४ मध्ये किन्शासाला जॉर्ज फोरमनला हरवलं ते दोरांना टेकून, त्याचे ठोसे अंगावर घेत त्याला दमवून. पुढच्या वर्षी मनिलात जो फ्रेझरशी चौदा फेऱ्या झाल्या. पंधराव्या फेरीला फ्रेझरच्या प्रशिक्षकाने त्याला उठू दिलं नाही, म्हणून अली जिंकला. जगाच्या लेखी हे त्याचे दोन सर्वोच्च विजय. डॉक्टरच्या नजरेने पाहिलं तर त्याच्या शरीराने सर्वांत महाग किंमत मोजली ती याच काळात. शिवाय सरावातही तो जोडीदारांना स्वतःला मारू द्यायचा, मार सोसायची सवय व्हावी म्हणून! ‘जिंकतोय तोवर’ ही मोजपट्टी लावली तर १९७५ चा अली एकदम ठणठणीत ठरतो.

त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांना तसं वाटत नव्हतं. १९७७ मध्ये एर्नी शेव्हर्सविरुद्धची लढत अलीने जिंकली, पण तपासणीत मूत्रपिंडांना इजा झाल्याचं दिसलं. पाचेकोंनी ते अहवाल अलीच्या माणसांना पाठवले, कुणी दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी गोटच सोडला. अली खेळत राहिला. एकदा निवृत्त होऊन परतला. १९८० च्या जानेवारीत तो दिल्लीत आपल्या कौर सिंगबरोबर प्रदर्शनी लढत खेळून गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात लास वेगासला, ३८ व्या वर्षी, तो लॅरी होम्ससमोर उभा राहिला. हा होम्स एकेकाळी अलीचाच सरावातला जोडीदार. दहा फेऱ्यांनंतर अलीच्या कोपऱ्यातून लढत थांबवण्यात आली. तरी पुढच्या वर्षी बहामात आणखी एक लढत झालीच, आणि तीही तो हरला. पार्किन्सनसदृश विकाराचं निदान झालं १९८४ मध्ये. हा आजार ठोशांमुळेच झाला का, यावर डॉक्टरांत मतभेद होते. पण शेवटच्या त्या दोन लढतींनी त्याला काय दिलं, यावर मतभेदाला फारशी जागा नाही.

आता मित्र म्हणेल, फोरमनचं काय? त्याने १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी मायकेल मूररला पाडून हेवीवेट किताब परत मिळवला की नाही? मिळवला, आणि बॉक्सिंगच्या इतिहासातला तो खराखुरा आनंदाचा दिवस. फक्त मित्राला आठवण करून द्या, की १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं फोरमन रिंगबाहेर होता, चर्चमध्ये प्रवचनं करत होता. ती दहा वर्षं त्याच्या डोक्याला एकही ठोसा बसला नाही. इतकी लांब सुट्टी बाकी किती जणांना मिळाली?

शिखरावर थांबलेल्यांत रॉकी मार्सियानोचं नाव पहिलं घेतात : ४९ लढती, ४९ विजय, १९५६ मध्ये ३२ व्या वर्षी निवृत्ती. पण मला त्याच्याआधीच्या जो लुईची गोष्ट जास्त बोलकी वाटते. जवळजवळ बारा वर्षं तो जगज्जेता होता, पंचवीस वेळा किताब राखला आणि १९४९ मध्ये किताब हातात असतानाच निवृत्त झाला. आपण म्हणता तसं, अगदी शिखरावर. पण प्राप्तिकर खात्याची थकबाकी फुगत गेली आणि १९५० मध्ये त्याला पुन्हा हातमोजे चढवावे लागले. एझर्ड चार्ल्सकडून तो हरला. १९५१ मध्ये आठव्या फेरीत त्याला दोरांबाहेर फेकणारा तरुण होता मार्सियानो, लहानपणापासून लुईला मानणारा. पुढे लुई लास वेगासच्या एका कॅसिनोत येणाऱ्या-जाणाऱ्यांचं स्वागत करायच्या नोकरीला लागला. तेव्हा ‘शिखरावर थांब’ असं सांगणाऱ्याला मी आधी विचारेन, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची चूल कशावर पेटणार?

ही बाजू आपल्या कुस्तीने बऱ्यापैकी ओळखली आहे. पूर्वी पहिलवानाला वस्ताद होण्याची वाट होती. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून राहिले आणि त्यांचा मान गदेच्या दिवसांपेक्षा तसूभरही कमी झाला नाही. आता शासकीय नोकरी आहे. चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि पोलीस उपअधीक्षक म्हणून भरती झाला. अशा थेट उपअधीक्षकांचं प्रशिक्षण आपल्या त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होतं, म्हणजे गदेनंतरचा रस्ता नाशिकवरून जातो म्हणायला हरकत नाही. नोकरी मिळाली म्हणजे माणूस थांबतोच असंही नाही, हेही सांगायला हवं. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव वर्दी मिळाल्यावरही लढत राहिला आणि २०१५ मध्ये लास वेगासहून जागतिक कांस्य घेऊन आला. पण तो लढला ते हौसेने. घरभाडं थकलंय म्हणून मॅटवर उतरणं वेगळं.

राहिला मेरी कोमचा प्रश्न. इथे मी मित्राच्या बाजूला जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्लीत तिने सहावं जागतिक सुवर्ण जिंकलं तेव्हा ती ३५ वर्षांची आणि तीन मुलांची आई होती. थांबायला याहून झकास दिवस नव्हता. पण ऑलिम्पिक पद्धतीच्या लढतीत तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या असतात. अलीच्या चौदा-पंधरा फेऱ्यांचं माप तिला लावणं बरोबर नाही. शिवाय मेरीची सारी कला ठोसा चुकवून आत शिरण्याची आणि मारून निसटण्याची. तिचं दुसरं खातं पहिल्यापासून हलकं होतं. ती थांबली नाही म्हणून २०१९ मध्ये आठवं जागतिक पदक आलं. टोक्योत ती कोलंबियाच्या इंग्रिट वालेन्सियाकडून ३-२ अशा निसटत्या फरकाने हरली, म्हणजे तिथेही ती संपलेली नव्हती.

तिने तरुणांची जागा अडवली, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. २०१९ मध्ये निखत झरीनने ऑलिम्पिक पात्रतेसाठी निवड चाचणी घ्या म्हणून जाहीर मागणी केली होती. माझ्या मते मागणी रास्तच होती. मोठ्या नावाला चाचणीतून सूट मिळू नये. डिसेंबरात चाचणी झाली आणि ३६ वर्षांच्या मेरीने ती ९-१ अशी जिंकली. त्यानंतर जागेचा वाद मिटायला हवा होता. निखतची वेळ आली २०२२ च्या मे महिन्यात, इस्तंबूलला ती जगज्जेती झाली तेव्हा. पुढच्याच महिन्यात राष्ट्रकुल स्पर्धेच्या चाचणीत, पहिल्याच फेरीत, मेरीचा गुडघा दुखावला. पुढे चाळिशी आली. हौशी बॉक्सिंगमध्ये चाळिशीनंतर लढू देत नाहीत. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये अशी सरसकट वयोमर्यादा नाही. तिथे परवाना देणारं मंडळ असतं, आणि १९८० मध्ये होम्सशी लढायला अलीला तपासणी करूनच रीतसर परवाना मिळाला होता.