ऑक्सिजनचा आकडा कशावरचा?

प्रश्न : चिरनेरमध्ये जानेवारी २०२५ला कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. तेव्हापासून घरात कुणाला ताप-खोकला आला की धास्ती बसते. फुप्फुसं थकू लागली, हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, चिरनेर (ता. उरण)

उत्तर : बर्ड फ्लू माणसाला क्वचितच होतो, बहुधा आजारी किंवा मेलेले पक्षी हाताळल्यावर. साधा फ्लू आणि कोविड मात्र कुणालाही गाठतात, आणि श्वासाची परीक्षा तिन्हींत एकच.

आधी श्वास मोजा. रुग्ण शांत बसलेला असताना, त्याला न सांगता, पूर्ण मिनिटभर. कारण सांगितलं की श्वास बदलतो. प्रौढांत २४ किंवा जास्त भरला तर डॉक्टर गाठा, ३०च्या पुढे आजार गंभीर. ऑक्सिमीटरवर ९४च्या खाली इशारा, ९०च्या खाली धोका. बोटं गार असली किंवा नेलपॉलिश असलं तर आकडा फसवतो.

रुग्णालयात धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब, दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागतात. ७२चा दाब साध्या हवेवर (२१ टक्के) असेल तर उत्तर येतं ३४३. तोच ६० टक्के ऑक्सिजनवर असेल तर १२०. ३००खाली फुप्फुसं अडचणीत, १००खाली अवस्था अतिगंभीर. म्हणून ऑक्सिमीटरवर ‘आता ९५ आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. किती ऑक्सिजनवर, हे विचाराच.

वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल, तर १०८ला फोन करा. पक्षी हाताळले असल्यास डॉक्टरांना लगेच सांगा. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत गुणकारी ठरतं.