एक घर, तीन सल्ले

“भाजी खा, कोंडा टाकू नका.” हे आपण पुष्कळदा ऐकतो. ऐकतो आणि विसरतो. असे का बरे होते? सल्ला सगळ्यांना एकच मिळतो. पण पोट, दात, काम आणि खिसा ज्याचा त्याचा निराळा असतो.

आधी चोथा म्हणजे काय ते पाहू. धान्याचा कोंडा, डाळींची साले, पालेभाजी आणि फळे यांत चोथा असतो. तो आपल्याला धान्यासारखा पचत नाही. मग तो खायचा कशाला? चोथा पाणी धरून ठेवतो. त्यामुळे मळ मऊ होतो आणि पुढे सरकतो. शौचाला कुंथावे लागत नाही. काही चोथ्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते.

मोठ्या माणसाच्या जेवणात दिवसाला निदान 25 ग्रॅम चोथा असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सांगितले. 100 ग्रॅम ज्वारीत तो सुमारे 10 ग्रॅम असतो. बाजरीत सुमारे 11. पॉलिशच्या पांढऱ्या तांदळात जेमतेम 3. आपल्या भाकरीची किंमत यावरून कळते.

आता एक घर डोळ्यांपुढे आणू. घरात आजी आहे, तिचा मुलगा आहे आणि सूनबाई आहे. एके दिवशी आशाताई आल्या. मुलगा संकोचत म्हणाला, “ताई, चार-चार दिवस पोट साफ होत नाही. चूर्ण घेतो. बंद केलं की पुन्हा तेच.”

ताईंनी लगेच सल्ला दिला नाही. त्या म्हणाल्या, “दादा, काल दिवसभर काय काय खाल्लंत, ते सांगा बघू.”

“सकाळी चहा-खारी. दुपारी भात-आमटी. संध्याकाळी वडापाव. रात्री पुन्हा भात.”

“आणि पाणी?”

“कामात कुठं सुचतंय?”

“बरं. शौचावाटे रक्त पडतं का?”

त्याने मान खाली घातली. “पडतं कधी कधी. मूळव्याध असेल.”

“‘असेल’ म्हणून चालायचं नाही, दादा. दुसरा आजारही असू शकतो. उद्याच डॉक्टरांना दाखवा. यात लाज कसली? आणि रात्री भाताऐवजी भाकरी-भाजी घ्या. खारीच्या जागी सालासकट फुटाणे खा. पाण्याची बाटली बरोबर ठेवा.”

आजी हसली. “मला दात नाहीत गं बाई. फुटाणे कशानं चावू?”

“आजी, तुम्ही फुटाणे नका खाऊ. सालीच्या मूगडाळीची मऊ खिचडी खा. ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात घ्या. पालेभाजी गरगटी करा. पिकली पपई खा.”

सूनबाई गप्प उभी होती. ताईंनी तिलाही विचारले. ती म्हणाली, “मी शेवटी जेवते. तोवर भाजी संपलेली असते.”

ताई म्हणाल्या, “मग हिला सल्ला नको, भाजी हवी. उद्यापासून सगळे एकत्र बसा आणि भाजी सारखी वाढा.” हा सल्ला सूनबाईला नव्हता, घराला होता.

घर एक, पण सल्ले तीन. आपणही असेच करावे. कालचे जेवण आठवावे. त्यात चोथा कुठे कमी पडला ते पाहावे. मग एकच बदल करावा. तो अंगवळणी पडला की दुसरा. एकदम सारे बदलले तर पोट फुगते. चोथा वाढवला की पाणीही वाढवावे. ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत, मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा ज्यांच्या आतड्याचे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

विचार करा
1. काल तुम्ही काय काय खाल्ले? त्यात चोथा कशात होता?
2. या आठवड्यात तुम्ही कोणता एक बदल कराल?
3. तुमच्या घरी शेवटी कोण जेवते? त्या ताटात भाजी उरते का?